राष्ट्रोळीचा उजवा कौल

गोव्यात तुये गावच्या त्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, देवाला गाऱ्हाणं घालावं तर बाबलीनंच, हे कुणीही सांगितलं असतं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तो पॅकिंगचा मुकादम, दिवसभर खोक्यांवर पट्ट्या मारणारा साधा माणूस. पण राष्ट्रोळीच्या देवळात उभा राहिला, की त्याचा आवाज असा लागायचा की कौलांवरची कबुतरं उडावीत. दुसरे गाऱ्हाणेकरी "लेकरांक सुखी ठेव" म्हणून मोकळे होतात. बाबलीचं तसं नव्हतं. कुणाचं लेकरू, कुठल्या परीक्षेला बसलंय, कुठल्या विषयात कच्चं आहे, सगळं तो देवाच्या कानावर घालायचा. "देवाक अर्धा सांगलास तर तो अर्धाच करता," असं त्याचं ठरलेलं बोलणं होतं. लोक प्रत्येक वाक्यामागं "व्हय म्हाराजा" म्हणायचे, कारण त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या होकाराची बाबलीला चटक लागली होती.

खाणी बंद पडल्या त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. पेडण्याहून निघून दोडामार्ग, डिचोली, साखळी करत चोर्ला घाट चढायचा, घाटमाथ्यावरून मागं वळायचं आणि मयेच्या तळ्याकाठी शर्यत संपवायची, अशी एका दिवसाची सायकल शर्यत ठरली होती. उतरणारे सगळे पगारी स्वार, पुण्याकोल्हापूरचे, पंजाबचे, मणिपूरचे. जिंकणार कोण, यावर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा थंड होऊ लागला. कुणी म्हणे पंजाबी, त्याच्या मांड्या बघा. कुणी म्हणे मणिपुरी, डोंगरातला माणूस, घाट त्यालाच साधणार.

"सगुण जिंकतलो," बाबली म्हणाला.

सगळे हसले. सगुण म्हणजे जानकीचा मुलगा. जानकी बाबलीच्याच हाताखाली पॅकिंगला होती. मूळची दोडामार्गाकडची, नवरा डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बसल्या, तसा तो कामाच्या शोधात कर्नाटकात गेला आणि ही मुलाला घेऊन वाड्यावर भाड्यानं राहू लागली. पोरगा पुण्याच्या एका कंपनीच्या संघात होता, पण शेपटाला. करार संपत आलेला. साहेबानं तोंडावर सांगितलं होतं, या शर्यतीत पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या वर्षी आहेस, नाहीतर घरी जा.

बाबलीला मात्र एक गोष्ट माहीत होती जी हसणाऱ्यांना माहीत नव्हती. जानकीनंच ती त्याला सांगितली होती, हळू आवाजात, खोक्यांच्या आडोशाला. सगळे घाटावर जीव काढणार, सगुण तिथं मुद्दाम मागं राहणार. परतताना कारापुरात जुन्या खाणीचा वजनकाटा लागतो, तिथं छोटीशी चढण आहे. नकाशात बघितली तर कुणाच्या लक्षात यायची नाही. पुढं रस्ता अरुंद आणि वळणांचा. लहानपणी बापाच्या ट्रकात बसून पोरानं तो रस्ता पाठ केला होता. तिथं एकदा एकटा सुटला, की मये येईपर्यंत मागच्यांना दिसायचा नाही.

"मामा, तुमी फकत इतक्याच सांगा, झिलाक यश दी म्हणान," जानकी म्हणाली होती. "जागो-बिगो काय सांगू नकात. तेना माका एकटीकच सांगल्यान हा."

"गे, माका काय शिकवतंस?" बाबली म्हणाला.

शर्यतीच्या आदल्या सकाळी देऊळ भरलं. कॅन्टीनमधले हसणारे झाडून आले होते. मागं दारापाशी तीन परकी माणसंही होती, निळ्या जाकिटातली. जवळच्याच लॉजवर उतरलेली, जागृत देव आहे म्हणून नारळ घेऊन आलेली. बाबलीनं सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि त्याचा आवाज लागला.

"बा राष्ट्रोळी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही जानकी आज तुझ्या पायांकडे इली हा, म्हाराजा. तिचो झील सगुण उद्या सायकलीर बसतलो."

"व्हय म्हाराजा!"

इथं थांबायला हवं होतं त्यानं. जानकी हात जोडून खाली मान घालून उभी होती. पण समोर ती हसणारी तोंडं होती. यांना कळू दे की मी उगाच बोललो नव्हतो, असं त्याच्या मनात आलं. त्यातून देवाला अर्धं सांगायचं तरी कसं?

"घाटार तो मागे रवात, तर तू घाबरा नको, म्हाराजा. ता तेचा नाटाक. कारापुरात जुन्या खाणीचो वजनकाटो आसा, थंय चढणीर तो एकटो सुटतलो. थंय तू तेच्या पाठीशी उभो रव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

जानकीनं झटकन मान वर केली, पण देवळात गाऱ्हाणं मधेच तोडत नाहीत. गुरवानं देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या आणि उजवी पाकळी पडली. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. हसणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बाबलीची छाती अशी फुगली म्हणता.

प्रसाद वाटताना निळ्या जाकिटातला एक जण येऊन त्याच्या पाया पडला. "काका, काय आवाज हाय तुमचा. अंगावर काटा आला बघा," तो कोल्हापुरी ढंगात म्हणाला. आणि मग अगदी सहज, "ते वजनकाट्याचं म्हणाला, ते नेमकं कुठं येतं?"

आणि या शहाण्यानं सांगितलं की हो. नुसतं सांगितलं नाही, हात करून दाखवलं. साखळी सोडली की असं, मग वडाकडून असं, आणि इथं चढण.

संध्याकाळी बाजारात त्याला एक गाडी दिसली. टपावर ओळीनं सायकली बांधलेल्या आणि बाजूला तशीच निळी जाकिटं. बाबली पिशवी घेऊन तिथंच उभा राहिला. पोई विकणाऱ्या पाववाल्यानं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

अजून काही बिघडलं नव्हतं. सगुणला गाठून एवढंच म्हणायचं होतं, बाबा रे, जागा फुटली, दुसरी बघ. घरी जाईपर्यंत त्यानं ते दहा वेळा मनात म्हटलं. सकाळी पेडण्याला सगुण स्वतःच त्याच्यासमोर आला. अंगावर घट्ट कपडे, हातात हेल्मेट. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "मामा, आवयन सांगल्यान, उजवो कौल पडलो." डोळ्यांत नुसता विश्वास. बाबलीनं तोंड उघडलं. आजूबाजूला कॅन्टीनमधली माणसं होती, काल ज्यांच्यासमोर त्यानं मिरवलं ती. मग त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "सांभाळून जा."

मग तो स्कूटर काढून कारापूरला गेला. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेला. वजनकाट्यापाशी झुडपं माजली होती, काट्याच्या पत्र्यावर गंज. दुपारी स्वारांचा घोळका आला. घाटावर पंजाबी आणि मणिपुरी दोघेही दमले होते, सगुण मध्यात ताजातवाना. सगळं त्यानं ठरवल्यासारखं. आणि त्याच्या पुढं भिंत करून चार निळे.

चढण लागली तसा सगुण पेडलवर उभा राहिला आणि डावीकडून सुटला. निळ्यांतला एक जणू वाटच बघत होता, तो त्याच्या मागच्या चाकाला चिकटला. सगुण जोर लावी, तो मागं आरामात बसे. सगुणनं एकदा मागं वळून बघितलं. ते बघणं बाबलीला रस्त्याच्या कडेवरून दिसलं. पोरगा गोंधळला होता, ह्याला कसं कळलं म्हणून. मग चारीही निळे आले, त्यांच्यामागून अख्खा घोळका आला आणि सगुण त्यात बुडाला. तळ्याकाठी निळ्या जाकिटाचा स्वार जिंकला. सगुण कितवा आला हे विचारायला बाबली थांबला नाही.

पण वाड्याला उत्तर हवं होतं. उजवा कौल पडला आणि पोरगा हरला, म्हणजे काय? देव खोटा? असं कसं होईल? मग दोष गाऱ्हाणं घालणाऱ्याचा म्हणावा, तर बाबलीचा दोष कोण काढणार? देवळातल्या निळ्या जाकिटांची गाठ त्याच्याशिवाय कुणी घातली नव्हती. राहिली जानकी. बाहेरची बाई, हिचा काहीतरी विटाळ असणार. नळावर बायका हे बोलल्या, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जानकीलाही ते पटलं.

"मामा, माजो चुलतो वारल्यालो त्या म्हयन्यात," ती खोक्यांमागं येऊन म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "सुतक सोपला असा मिया समजलंय. माजोच दिस मोजूक चुकलो आसतलो. माज्यापायी झिलाचा गेला. माफीचा गाऱ्हाणा घालशात?"

बाबलीला तिथंच मेल्यासारखं झालं. कबूल करण्याचे शब्द जिभेवर आलेही, पण पट्टीचं यंत्र खडखडत होतं, माणसं वावरत होती, आणि तो "घालतंय" म्हणून मोकळा झाला. त्या दिवशी त्यानं तीन खोक्यांना उलट्या पट्ट्या मारल्या.

रविवारी सकाळी जानकी नारळ आणि केळ्यांचा घड घेऊन आली. तिनं नारळ देवापुढं ठेवला. सगुण मागं खांबाला टेकून उभा होता, साध्या शर्टात. सोमवारपासून तो पॅकिंगलाच लागणार होता, बाबलीच्या हाताखाली. वाड्यावरची माणसं जमली होती. बाईचा दोष कसा निघतो ते बघायला माणसं जमतातच.

"बा राष्ट्रोळी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जानकीच्या हातसून…" बाबली थांबला. आवाज लागेना. त्यानं देवाकडे बघितलं, मग जानकीच्या वाकलेल्या पाठीकडे. अर्धं सांगायचं? याला? आणि उरलेलं अर्धं त्या बाईनं जन्मभर वाहायचं?

"ह्या जानकीच्या हातसून कसलीच चूक घडूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" लोक सवयीनं म्हणाले.

"कौल तू खरो दिलंस. जागो मिया फोडलंय. मोठेपणासाठी, ह्याच देवळात उभो रवान. भायल्यान इचारल्यान, तर तेका हात करून दाखवलंय."

"व्हय म्हाराजा," दोनतीन आवाज आले, आणि अर्थ ध्यानात येताच मधेच विरले.

"शर्यतीच्या सकाळी पोर माज्या पायां पडलो. तेवातरी सांगूक व्हया होता. लाजेपायी सांगूक नाय, म्हाराजा."

समई चरचरत होती. होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य घेता येत नाही, आणि पुढचं वाक्य माफीचं होतं. बाबली हात जोडून वाट बघत राहिला. वाड्यानं माना खाली घातल्या. शेवटी मागून, खांबाकडून, एकच आवाज आला.

"व्हय म्हाराजा," सगुण म्हणाला.

बाबलीनं माफीचं वाक्य घ्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात जानकी पुढं झाली, देवापुढचा आपला नारळ उचलला आणि पदराखाली घेतला.

"ह्यो माज्या चुकीचो होतो," ती म्हणाली. "तुमी तुमचो घेवन येवा, मामा."