माश्यांना कुणी सांगायचं

बायको, हेस्टर, गेली तेव्हा विल्फ्रेडनं सगळ्यांना पत्रानं कळवलं. पाद्रीबाबांना, चुलतबहिणीला, कुंपणापलीकडच्या डॉर्कसलासुद्धा तिकीट लावून. राहिल्या फक्त बागेतल्या मधमाश्या. त्यांना पत्र चालत नाही.

आणि हेस्टरनं नेमकं तेच बजावलं होतं. घरात कुणी गेलं की दाराच्या किल्लीनं माश्यांच्या पेटीवर तीनदा ठोकायचं आणि तोंडानं सांगायचं. नाही सांगितलं तर माश्या घर सोडतात. विल्फ्रेडनं तसं वचनही दिलं होतं. पण जानेवारीत पेटीवर बर्फ साचलं होतं. झोपलेल्यांना उठवून असली बातमी देऊ नये, असं ठरवून तो घरात गेला.

मार्चमध्ये क्रोकसची फुलं उमलली आणि माश्या बाहेर पडल्या. मग विल्फ्रेड हेस्टरची जाळीची टोपी आणि तिचा फुलाफुलांचा कोट घालून बागेत जाऊ लागला. वाटाणे पेरले, गुलाब छाटले. सगळ्या गावात ही एकच जागा होती जिथं, निदान माश्यांच्या लेखी, हेस्टर अजून गेलेली नव्हती. तो संध्याकाळपर्यंत तिथंच बसे.

"लिपस्टिक राहिली," कुंपणावरून डॉर्कस म्हणाली. ती हेस्टरची शाळेपासूनची मैत्रीण. "त्या मुक्या जिवांना फसवतोयस, विल्फ्रेड."

"फसवत नाहीये. विषय काढत नाहीये."

"जातील त्या. मग मला पत्र पाठव."

मे महिन्यात, सफरचंदाचा बहर गळत असताना, पेटीतून काळा लोंढा उसळला. विल्फ्रेडच्या हातातला चहा गवतावर सांडला. माश्या सफरचंदाच्या फांदीला घोसासारख्या लटकल्या. एक-दोन तासांत नवं घर हेरून त्या कायमच्या उडणार होत्या.

डॉर्कस कुंपण ओलांडून आली. या वयात ती तसं करत नसे. "किल्ली कुठाय?"

"खिशात. जानेवारीपासून."

"मग वाट कसली बघतोस?"

तो फांदीखाली गेला. घोस एका सुरात गुणगुणत होता. निघालेल्या माश्या इथं, मग ठोकायचं कशावर? त्यानं फांदीवर ठोकलं. एकदा. गुणगुण वाढली. दोनदा.

"टोपी काढ आधी," डॉर्कस हळूच म्हणाली. "खोट्या तोंडानं सांगू नकोस."

त्यानं टोपी काढली, उलटी हातात धरली. चार-पाच माश्या त्याच्या कपाळावर येऊन बसल्या. घामाचा थेंब त्यांच्यामधून वाट काढत खाली आला.

"हेस्टर गेली," तो म्हणाला. "जानेवारीत. मी सांगायला हवं होतं."

आणि तिसऱ्यांदा ठोकलं, जरा जोरातच. घोस सुटला आणि धप्पकन टोपीत पडला.

दोघंही हलेनात. टोपी जड झाली. उडालेल्या माश्या एकेक करून परतू लागल्या, टोपीच्या काठावरून आत शिरू लागल्या.

"राणी आत असणार," डॉर्कस कुजबुजली. "आता काय करायचं?"

"मला काय ठाऊक? हे सगळं हेस्टर बघायची." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याला रडू आलं. हात अडकलेले, त्यामुळे नाक डॉर्कसनं पुसलं, ॲप्रनच्या टोकानं, माश्या चुकवत.

संध्याकाळी, मागं राहिलेल्या माश्यांच्या जुन्या पेटीशेजारी, टोपीतल्यांसाठी नवी पेटी उभी राहिली. दोन्हींवर दुखवट्याची काळी फीत बांधली. ऑक्टोबरात मध काढला तोवर विल्फ्रेड त्यांना सगळंच सांगू लागला होता: गुडघा, पाऊस, डॉर्कसचा करपलेला केक.

"तो विषय नव्हता काढायचा," कुंपणावरून डॉर्कस म्हणाली.