तीन नंबरची चिठ्ठी

शनिवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जो गलका सुरू व्हायचा, त्यापायी खाली वाचत बसणाऱ्यांनी दोनदा लेखी तक्रार केली होती. तक्रार रास्तच होती. सोळा मोठी माणसं, त्यातली निम्मी चाळिशी ओलांडलेली, परक्या गावात येऊन तिथली भाषा शिकायला बसली होती, आणि प्रश्नमंजुषेचा तास लागला की ती शाळकरी पोरांच्या वरताण वागायची. टॅक्सीवाले काका तर गुण हुकला की खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. पुढच्या प्रश्नाला त्यांना वळवायचं म्हणजे अख्ख्या संघाला त्यांची मनधरणी करावी लागे.

शिकवणाऱ्या बाई वर्गात वयानं सगळ्यांत लहान. घरी दीड वर्षांची लेक. त्यामुळे कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी टेबलांच्या कोपऱ्यांवर, मग लोंबणाऱ्या वायरींवर, मग उघड्या खिडकीवर जायची, आणि त्यानंतर माणसांवर. पण एकदा माणसांवर गेली की तिथून हलत नसे. कोण रात्रपाळी करून आलंय, कुणाचं घरी बिनसलंय, हे त्यांना हजेरी घेतानाच कळायचं. निदान त्यांची तशी समजूत होती.

खेळ त्यांनीच बसवलेला. चार संघ, प्रत्येकात चौघं, प्रत्येकाच्या खुर्चीला एक ते चार असा नंबर. प्रश्न विचारला की संघानं डोकी जवळ आणून कुजबुजायचं. मग बाई डब्यातून चिठ्ठी काढणार. जो नंबर निघेल त्या नंबरच्या चौघांनी उठायचं, मधल्या टेबलावरची घंटी जो आधी वाजवेल त्यानं उत्तर द्यायचं, आणि बाकीच्यांनी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. त्यामुळे हुशार माणसाला एकट्यानं भाव खाता येत नाही आणि लपणाऱ्याला लपता येत नाही. बाईंना या पद्धतीचा फार अभिमान होता.

फक्त डब्यात तीन नंबरची चिठ्ठी नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी ती निघाली होती. खिडकीशेजारच्या संघात तीन नंबरवर शिवणताई बसायच्या. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात, मागच्या खोलीत, त्या मशीनवर काम करत. मोजकं बोलणं, तेही मान खाली घालून. त्या दिवशी त्या उठल्या, टेबलापर्यंत आल्या, आणि घंटीपुढे नुसत्या उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. मग दार उघडून बाहेर गेल्या आणि पाऊण तासानं तोंड धुऊन परत आल्या. वर्ग संपल्यावर बाईंनी ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. एकाच आठवड्यापुरती, असं स्वतःला बजावून.

आज सत्रातला शेवटचा शनिवार होता. जिन्यातच शिवणताईंनी बाईंच्या हातात घडी घातलेला कागद दिला होता. नव्या भाषेत, एकेक अक्षर कोरून लिहिलेला. मालकीणबाई त्यांना मागच्या खोलीतून पुढच्या काउंटरवर आणायचं म्हणत होत्या. सोमवारी दहाला स्वतः शेजारी बसून त्या पाहणार होत्या, की शिवणताई गिऱ्हाइकांशी नीट बोलतात का. जमलं तर काउंटर यांचं. नाही जमलं तर जागा दुसऱ्या कुणाला, आणि ती पुन्हा रिकामी व्हायला कोण जाणे किती वर्षं. खाली एकच ओळ होती: बाई, मी जाऊ का? तुम्ही म्हणाल तसं.

बाईंनी कागद वाचला, आणि त्यांना घंटीपुढचा तो पांढरा चेहरा आठवला. अजून एक सत्र होऊ दे, मग बघू, असं सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलंसुद्धा. गोड शब्दांत कसं सांगायचं तेवढंच राहिलं होतं.

वर्ग मात्र आज हवेत होता. जिंकणाऱ्या संघाची नावं सुट्टी संपेपर्यंत फळ्यावर राहणार होती. पहिल्या नऊ प्रश्नांत टॅक्सीवाल्यांचा संघ एका गुणानं पुढे आणि खिडकीवाले त्यांच्या मागोमाग. दहावा प्रश्न दोन गुणांचा. म्हणजे तो घेईल त्याचा फळा. नर्सताईंचा आवाज बसला होता, कुणीतरी उभ्यानंच पाणी पीत होतं, आणि खालून कुणीतरी छतावर काठी ठोकली होती.

शेवटच्या प्रश्नाआधी हवं तर जागा बदलून घ्या, असं बाई म्हणाल्या. दोन भाऊ बेकरी चालवायचे, त्यातले थोरले अभ्यास करून कधीच येत नसत. धाकट्यानं गमतीनं त्यांना उठवायला पाहिलं तर त्यांनी खुर्ची घट्ट धरली. म्हणाले, मी माझी आरामखुर्ची सोडणार नाही. सगळा वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, आरामखुर्ची म्हणजे काय?

हसू एकदम विरलं. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी टॅक्सीवाले म्हणाले, "बाई, तीन नंबर कधी निघतो का? सहा आठवडे झाले. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तास सुरू होण्याआधी चाललेली खुर्च्यांची ती ओढाताण त्या उत्साह समजत होत्या. प्रत्येक संघानं आपला सगळ्यांत कच्चा गडी तीन नंबरवर नेऊन बसवला होता. बेकरीवाले थोरले. नर्सताईंच्या सासूबाई, ज्या सुनेच्या सोबतीला येत आणि डुलक्या काढत. टॅक्सीवाल्यांच्या संघातला तो नवा माळी, ज्याला अजून नमस्कार आणि पाणी एवढंच येत होतं. चाललेलं सगळं पंधरा जणांना ठाऊक होतं, आणि बाई आपल्या नजरेच्या भरवशावर निवांत.

सोळाव्या शिवणताई. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्याशी कुणी फारसं बोलतच नसे. त्या सावकाश उठल्या, टेबलापाशी आल्या आणि त्यांनी डबा उपडा केला. एक, दोन, चार. तीन चिठ्ठ्या त्यांनी बोटानं ओळीत लावल्या.

"माझी कुठे आहे?"

बाईंनी पर्स उघडली. हाताला कंगवा लागला, लेकीचा मोजा लागला, मग चिठ्ठी. ती टेबलावर ठेवताना कान तापले होते. तुम्हाला त्रास नको म्हणून, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

"मी दर वेळी तयार असते," शिवणताई म्हणाल्या. "प्रत्येक प्रश्नाला. मनात उत्तर जुळवून बसते. वाटायचं, आता निघेल. घरी जाताना म्हणायचे, माझं नशीबच फुटकं."

नर्सताईंच्या सासूबाई जाग्या झाल्या आणि काय झालं म्हणून सुनेला विचारू लागल्या. मग वर्गानंच ठरवून टाकलं की आता चिठ्ठी काढायचीच नाही. सहा आठवड्यांची थकबाकी आहे, शेवटचा प्रश्न तीन नंबरवाल्यांचा. टॅक्सीवाल्यांनी माळ्याकडे बघून कपाळावर हात मारला, पण विरोध करायची त्यांचीही छाती झाली नाही.

चौघं टेबलाभोवती उभे राहिले. बाईंनी प्रश्नाचं पाकीट फोडलं. प्रश्न त्यांनी आठवड्यापूर्वीच लिहून ठेवला होता, आणि आता तो वाचताना त्यांना जिन्यातला तो कागद आठवला. गिऱ्हाईक वस्तू परत घेऊन आलंय, चिडलंय. त्याला एका मिनिटात समजावून परत पाठवा. गिऱ्हाईक होणार पुढे असलेल्या संघातलं कुणीतरी.

घंटी वाजली. बेकरीवाल्यांचा जाडजूड पंजा खाली आला तेव्हा त्याखाली आधीच एक हात होता, बोटाला सुई टोचून टोचून घट्टे पडलेला.

गिऱ्हाईक व्हायला अर्थातच टॅक्सीवाले आले. भांडण हा त्यांचा आवडता विषय. बाईंनी स्वयंपाकघरातून आणलेला टायमर फिरवला आणि काकांनी अंगातला कोट काढून टेबलावर आपटला. एक बाही आखूड केलीत तुम्ही, अख्ख्या गावात माझं हसं झालं, आता हा कोट तुम्हीच घाला, असं बरंच काही. शिवणताईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. बाईंनी टेबलाची कड धरली. पंधरा सेकंद गेली.

मग शिवणताईंनी कोट उचलला, झटकला आणि म्हणाल्या, "आधी घाला."

काका म्हणाले, घालू कशाला, तक्रार ऐका. ताई म्हणाल्या, "घातल्याशिवाय कसं कळणार? सरळ उभे राहा. असे नाही, सरळ." काका सरळ उभे राहिले. ताईंनी त्यांच्या पाठीमागे जाऊन दोन्ही खांद्यांवर तळहात टेकवले. बाही दोन्हीकडे सारखीच आहे, त्या म्हणाल्या. तुमचा हा खांदा वर चढलाय. दिवसभर कोपर खिडकीवर ठेवून गाडी चालवता, हो ना? काका आ वासून मागे बघायला लागले. तुमची काही चूक नाही, कामाचं शरीर आहे, पण कोटाचीही चूक नाही. मी या बाजूला थोडं सैल करून देते. तुम्ही मंगळवारी या, दुपारी, गर्दी नसते, घालून बघा आणि—

टायमर किंचाळला.

वर्ग उठून उभा राहिला होता. कुणी बाक बडवत होतं, धाकटे बेकरीवाले शिट्टी घालत होते, खालची काठी पुन्हा सुरू झाली. काका अजून आपला खांदा चाचपत होते. आणि मग हळूहळू सगळ्यांची नजर बाईंकडे वळली, कारण नियम सगळ्यांना पाठ होता. उत्तर मिनिटाच्या आत संपलं पाहिजे, नाहीतर शून्य. टॅक्सीवाल्यांनी एकदा एका प्रश्नावर अकरा मिनिटं भाषण ठोकलं, तेव्हापासूनचा नियम.

बाईंच्या जिभेवर दोन गुण आले होते. नुसते सोडायचे बाकी होते. त्यांनी शिवणताईंकडे पाहिलं. चेहरा लाललाल, श्वास फुललेला, आणि नजर सरळ बाईंवर.

"शून्य," बाई म्हणाल्या.

टॅक्सीवाल्यांचा संघ आनंदानं ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात शिवणताईंनी टेबलावर हात आपटला. शून्य कसं, त्यांनी विचारलं. पहिली पंधरा सेकंद हे एकटेच बोलत होते, तो वेळ माझ्या खात्यात का? आणि गिऱ्हाइकाला घाईनं बाहेर काढलं तर ते पुन्हा दुकानाची पायरी चढतं का? मिनिटात काढा, हा नियम कुणी केला, त्यानं कधी काउंटर पाहिलाय का? वाक्यं एकामागून एक येत होती, काही धडपडत, काही तोल सावरत, पण थांबत एकही नव्हतं. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. ताई म्हणाल्या, मग नियम चुकीचा आहे. काका मध्ये पडले की आपण गिऱ्हाईक होतो, बोलणारच. त्यांना ताईंनी एका हातानं थांबवलं आणि दुसऱ्या हातानं टायमर उचलून बाईंच्या पुढ्यात ठेवला, पुन्हा लावा म्हणून.

बाईंना हसू आवरेना. डोळ्यांत पाणीही आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"ताई," त्या म्हणाल्या, "सोमवारी दहाला जा."

"ते जाईनच," शिवणताई म्हणाल्या. "आधी गुणांचं बोला."