पुढच्या तारखेचा आदेश

"अजय, ते मुदतवाढीची फाइल आत गेली काय?"

"कवाचीच गेली. काऊन?"

लालसू मडावी मटकन स्टुलावर बसला. तुरुंगाच्या कचेरीत बाबूगिरी करून केस पिकले होते, पण असा घाम कधी फुटला नव्हता. आत आमदारांची समिती बसली होती. तुरुंगाचे प्रमुख कसे नेमले जातात, ते तपासायला आली होती. इथले अधीक्षक प्रभारी. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ घेत तीन वर्षं त्याच खुर्चीत. आता नवा नियम आला होता. समितीने इतर अधिकाऱ्यांचीही नावं पाहायची, मगच मुदतवाढ.

आणि लालसूची सवय अशी, की पुढचा आदेश आधीच टाइप करून फाइलला लावायचा. साहेबांनी नुसती सही करायची. कालही लावला होता. तारीख पुढच्या महिन्याची, आणि वर ठसठशीत 'समितीच्या शिफारशीनुसार'. नको तिथे हुशारी नडली ती अशी.

"साहेब तुमच्यावरच ढकलन, लालसूभाऊ," अजय शिपाई म्हणाला. "कोकणात फेकतीन तुमाले."

लालसूला अठरा वर्षांनी घराजवळ बदली मिळाली होती. एटापल्लीला आई एकटी होती, डोळ्यांनी अधू. दर शनिवारी तो गेला की ती त्याचा चेहरा चाचपून ओळखायची.

आतून बेल वाजली, तसा लालसू आत गेला.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी कागद पुढे सरकवला. "आम्ही अजून एक शब्द बोललो नाही, आणि आमची शिफारस तयार?"

"लिपिकाची चूक आहे, मॅडम," अधीक्षक घाईने म्हणाले. "मी काही सांगितलं नव्हतं." त्यांनी लालसूकडे पाहिलं. हो म्हण, मी सांभाळून घेतो, असं ते पाहणं होतं.

"साहेबानं सांगतलं नाई, मॅडम." लालसू म्हणाला. "सांगा लागतच नाई. मागचे पाचही आदेश मी असेच आधी टाइप केले. दुसऱ्या कोणाचं नाव कवाच आलं नाई."

बाईंनी ते लिहून घेतलं.

समितीच्या गाड्या गेल्यावर अधीक्षकांनी लालसूला बोलावलं. त्यांची मुदत संपायला अजून सतरा दिवस होते.

"तुझ्याच बदलीचा प्रस्ताव टाइप कर."

लालसूने नाव, पद, सगळं बिनचूक टाइप केलं. तारखेपाशी बोटं थांबली. या वेळी ती जागा कोरी ठेवून तो कागद सहीला घेऊन गेला.