बंदुकीवरची खालची ओळ

"वरचं नाव राहू दे," दादा म्हणाला. "खालची ओळ तेवढी उडवा."

हे सांगताना त्याचं लक्ष बंदुकीकडे नव्हतंच. ते होतं बंदुकीशेजारी आणून ठेवलेल्या नळाकडे. होय, नळ. दादाचं नळ, कमोड आणि टाइल्सचं नवं शोरूम उघडणार होतं, तिथला हा सर्वांत महाग सोनेरी नळ तो रुमालात गुंडाळून घेऊन आला होता, कारण शोरूमच्या भिंतीवर टांगायच्या बंदुकीला नेमका हाच रंग चढायला हवा होता. बंदुकीला नळाशी मॅचिंग करणारा जगातला पहिला माणूस आपलाच भाऊ निघावा, याचा अभिमान बाळगावा की कपाळ बडवून घ्यावं, हे ताईला ठरवता येईना. म्हणून ती गप्प बसली. गप्प बसणं तिला छान जमायचं. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत दिवसभर मशीनवर काचा घासायच्या म्हटलं की ते आपोआप जमतं. त्या मशीनपुढे बोलून ऐकणार कोण?

बंदूकवाला मात्र अखंड बोलत होता आणि प्रत्येक वाक्यागणिक थोडा थोडा वाकत होता. आणखी दोन वाक्यं बोलला असता तर त्याचं नाक काउंटरला टेकलं असतं. साहेब, आधी बफ मारून सगळं लख्ख करायचं. मग तांब्याचा थर, त्यावर निकेल, त्यावर सोनं. नळीच्या आत नाही, स्प्रिंगना नाही, स्प्रिंग त्या ॲसिडात ठिसूळ होतात. बाहेरून मात्र असं काम देतो की बघणाऱ्याचे डोळे दिपतील.

"फक्त नंबरला हात लावणार नाही," तो म्हणाला. "नंबर पुसट झाला तर आधी मी आत जाईन, माझ्यामागे तुम्ही. त्यावर लाखेचा लेप देऊन मगच टाकीत सोडतो."

"आणि नावाला?" ताईने विचारलं.

"नावाचं काय, ताई. नाव तुमच्या घरचं. ठेवा, घासा, कायद्याचं काही म्हणणं नाही."

म्हणजे बघा. कुठल्या कारखान्यात कुणीतरी ठोकलेला आकडा सरकारला जिवापाड प्यारा, आणि ज्या माणसाने ते धूड आयुष्यभर खांद्यावर वागवलं त्याचं नाव पुसा, नाहीतर त्यावर नक्षी काढा, कुणाला काही पडलेली नाही.

बंदूक बाबांची. जुनी दुनळी. कागद कारखान्यातून ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने तीच त्यांना भेट दिली. देताना तिथल्या साचे कोरणाऱ्या कारागिराने घोड्याच्या वरच्या पोलादी पट्टीवर पानांची वेल कोरली, वेलीच्या मधोमध बाबांचं पूर्ण नाव, आणि नावाखाली बारीक अक्षरांत 'पहारेकरी, कागद कारखाना'.

तर ही ती खालची ओळ. ती उडाली, नाव उरलं, वर सोन्याचं पाणी चढलं, की बघणाऱ्याला काय दिसणार? खानदानी बंदूक. दादाने तशी हवा आधीच करून ठेवली होती. आमच्या वडिलांना शिकारीचा भारी शौक, असं तो टाइल्सच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, तेही दूर क्षितिजाकडे बघत. बाबांनी आयुष्यात शिकार केली ती ढेकणांची, आणि तीही चौकीतल्या खाटेवर बसून. बंदूक त्यांनी एकदाही उडवली नाही. कुणी भिंतीवरून डोकावलं की ते शिट्टी फुंकायचे. तेवढ्याने तो पळाला की बाबा खूश, कारण गोळी झाडली तर नळी साफ करावी लागते आणि त्याचा त्यांना मनापासून कंटाळा.

बाबा गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा परवानाही गेला. परवाना माणसाचा असतो, बंदुकीचा नसतो. माणूस गेला की बंदूक परवाना असलेल्या दुकानात जमा करायची. मग वारसांपैकी एकाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा आणि बाकीच्यांनी आमची हरकत नाही अशी सही द्यायची. तोवर दुकानदाराने तिला बाहेर न्यायचं नाही आणि तिच्यात फेरफार तर मुळीच करायचा नाही, मग समोर सोन्याचा नळ ठेवा की हिऱ्याचा. आणि मुदतीत कुणाच्याच नावावर परवाना झाला नाही, तर बंदूक सरकारजमा. तिथे तिचे तुकडे करतात.

बाकीचे वारस म्हणजे ताई. एकटी. म्हणून तर आज तिला गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं; एरवी दादाच्या गाडीत तिची जागा मागे, सँपलच्या टाइल्सबरोबर.

"कर सही," दादाने पेन पुढे केलं.

"विचार करते," ताई म्हणाली.

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू कमोडने उलट उत्तर दिलं.

परतीच्या वाटेवर त्याने तिला समाज, प्रतिष्ठा आणि ब्रँड या तीन विषयांवर व्याख्यान दिलं. दादा स्वतःला 'आपण' म्हणायचा. आपण शून्यातून वर आलो, आपल्याला लोक ओळखतात, आपल्या भिंतीवर काय टांगलंय हे लोक बघतात. ताईने खिडकीची काच खाली केली, कारण त्याच्या अत्तरापुढे श्वास घ्यायचा तर दुसरा मार्ग नव्हता. शून्य कसलं, ती मनात म्हणाली. शून्य रोज पहाटे घरी यायचं, बूट काढून ठेवायचं आणि तुझी पुस्तकं दप्तरात भरून मग झोपायचं.

मग वहिनी आली. ती चष्म्याच्या दुकानात आली, काउंटरवरचे सगळे गॉगल लावून पाहिले, एकही घेतला नाही, आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं करून म्हणाली की ताईंच्या बाथरूमचं काम आम्ही फुकट करून देऊ. वरपर्यंत टाइल्स. सोनेरी नळ हवा तर तोही. बाबांच्या आयुष्याची किंमत या बाईने बरोब्बर शॉवरसकट काढली होती, आणि वर तिला वाटत होतं की आपण मन मोठं केलं. ताईने मशीन सुरू केलं.

पण ताई काही दगड नव्हती. दादा राबला होता हे तिला माहीत होतं. सिमेंटची पोती त्याने स्वतः उचलली होती, तेव्हा त्याच्या अंगाला अत्तर नव्हतं, घामच होता. आणि बंदुकीचे तुकडे व्हावेत असं तिला तरी कुठे वाटत होतं? स्वतः परवाना मागावा तर कारण काय लिहायचं? दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि चार कुंड्या यांच्या रक्षणासाठी दुनळी, असं? तिने शेवटी दादाला फोन केला. सोन्याचं पाणी चढव, वेलीत मोती जडव, तुझा तो नळही बंदुकीला जोड, पण खालची ओळ राहू दे. ओळ राहिली की सही देते.

दादा लगेच कबूल झाला. इतका लगेच, की तिला जरा चुकचुकल्यासारखंच वाटलं, पण सख्ख्या भावावर किती संशय घ्यायचा म्हणून तिने फोन ठेवला. आपणच उगाच ताणलं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. बिचारी.

सहीच्या दिवशी दादाला यायला उशीर झाला. बंदूकवाल्याने ताईला बसायला स्टूल दिलं आणि वेळ जावा म्हणून बंदूक बाहेर काढली. पट्टीवर खालच्या ओळीभोवती खडूने एक चौकट आखलेली होती. नंबरभोवती दुसरी.

"या कशाच्या खुणा?" तिने विचारलं.

त्याने अगदी हौसेने सांगितलं. नंबरची चौकट म्हणजे इथे लेप द्यायचा. ओळीची चौकट म्हणजे इथे घासून काढायचं. साहेबांचा काल परत फोन आला होता ना, ताईंची सही झाली, परवाना हातात आला, की दुसऱ्या दिवशी आधी ती ओळ काढा म्हणाले. अक्षरं खोल नाहीत, चाकावर धरली की गेली.

त्याला वाटत होतं की तिला सगळं ठाऊक आहे. ताईने चौकटीवरून बोट फिरवलं. घासणं म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. काच एकदा जास्त घासली गेली की फेकायची. तिच्यावर पुन्हा काही चढवता येत नाही.

दादा आला. हातात पेढ्यासारखं काही नव्हतं हे नशीब, पण चेहरा तसाच होता, काम फत्ते झाल्याचा. ताईने त्याला खडूची चौकट दाखवली. तो आधी हसला, मग बंदूकवाल्यावर डाफरला, मग ताईला म्हणाला की तुला बारीकसारीक गोष्टींत नाक खुपसायची सवयच आहे. एवढं करून झालं. मग ताईच्या रिकाम्या स्टुलावर तो बसला. पोट पुढे आलं, खांदे पडले, आणि त्या महागड्या शर्टात एकदम कुणीतरी लहान मुलगा दिसायला लागला, जो मुळीच देखणा नव्हता.

"तुला काय कळणार," तो म्हणाला. "शाळेत मला नावाने कुणी हाकच मारली नाही. वॉचमनचा. ए वॉचमनचा, इकडे ये."

"मलाही वॉचमनची म्हणायचे," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काय. मी ओ द्यायचे."

तिने पेनाला टोपण लावलं आणि ते दादाच्या खिशात खोचून ठेवलं. सही केली नाही. बंदूकवाल्याने मुदतीची आठवण करून दिली, तुकड्यांची आठवण करून दिली, आणि एवढी सुंदर नक्षी वाया जाईल म्हणून खरोखरच हळहळला. ताईने त्याला विचारलं की तुकडे करताना आधी घासतात का. नाही, तो म्हणाला, घासत नाहीत. जसं आहे तसं कापतात.

"मग चालेल," ती म्हणाली.

शोरूमचं उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. ताईला बोलावणं नव्हतं, पण वहिनीने फोटो मात्र आठवणीने पाठवले. सोनेरी नळांच्या वर, जिथे बंदूक यायची होती तिथे, हरणाचं मुंडकं. फायबरचं. दादा त्याच्याखाली उभा, नजर पुन्हा क्षितिजाकडे. बाबांनी मारलेलं, असं त्याने सांगितलंच असणार. सांगणाऱ्याला लाज नाही आणि ऐकणाऱ्याला नळावर सूट हवी, तिथे हरणाने बोलायचं काय?

मुदत संपली आणि बंदूकवाल्याने बंदूक सरकारी कार्यालयात नेली. वारस म्हणून ताईला बोलावलं होतं. खिडकीसमोर ही भली मोठी रांग, आणि खिडकीआड एक कारकून, ज्याच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. लोकांना ताटकळत ठेवणं ही एक कला असेल तर हा माणूस उस्तादच होता. त्याने बंदूक हातात घेतली, प्रकार लिहिला, नंबर दोनदा ताडून लिहिला आणि पावती फाडायला घेतली.

"पट्टीवर जे कोरलंय तेही लिहा," ताई म्हणाली.

"त्याला रकाना नाही."

"शेरा आहे की खाली. तिथे लिहा."

त्याने सुस्कारा टाकला. मागे रांगेत कुणीतरी घड्याळाकडे पाहून च्यक केलं. ताई जागची हलली नाही. कारकुनाने बंदूक उजेडाकडे तिरकी केली, दोऱ्याचा चष्मा नाकावर खाली ओढला आणि लिहिता लिहिता वाचायच्या त्याच्या सवयीप्रमाणे, अक्षर अक्षर लावत, मोठ्याने वाचलं. आधी बाबांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मग खालची ओळ.

"प-हा-रे-करी. पहारेकरी. कागद कारखाना. एवढंच ना?"

"एवढंच."

त्या खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. कुणाला त्याचं काही नव्हतं, ज्याचं त्याला आपलं काम. कारकुनाने शिक्का मारला, बंदूक मागच्या कपाटात बाकीच्या बंदुकांवर आडवी टाकली आणि पुढच्याला हाक मारली. ताईने पावती घडी न करता पर्समध्ये ठेवली आणि दाराशी आली.

दाराशी त्या कार्यालयाचा पहारेकरी होता. पन्नाशीचा, टोपी मांडीवर, एक बूट ढिला करून बसलेला. ती जवळ आली तसा तो उठून उभा राहिला आणि त्याने दार ओढून धरलं.

"वडील तुमचे?" त्याने विचारलं.

"हो."

"कुठल्या गेटवर होते?"

"मागच्या."

त्याने मान हलवली. "मागचं गेट अवघड," तो म्हणाला, आणि ती पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत दार धरून उभा राहिला.