सैल रबरबँड

ब्रँटने कागद टाकला तो थेट माझ्या चटईवर. आणि टाकायला आला तोही बूट घालून. पॅकिंगच्या चटईवर आमच्याकडे कुणी बुटांनी चढत नाही. पॅराशूटचं कापड इतकं पातळ की तळव्यात अडकलेला एक खडासुद्धा भोक पाडेल. पण सांगायचं कुणाला? कानामागून आला आणि तिखट झाला! उड्यांच्या या तळाच्या मालकाचा जावई. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत फिनिक्सला जुन्या गाड्या विकत होता, आता आमचा मॅनेजर.

“सही करा, ओफेलिया,” तो म्हणाला. “‘गॅरेटच्या पॅराशूटची घडी मी चुकीची घातली,’ एवढंच लिहिलंय. विमावाल्यांना द्यायचाय. सही केलीत तर जंपसूट धुवायच्या कामावर राहाल.”

“आणि नाही केली तर?”

“तर चटई उचला.”

शेडमधले सगळे हात थांबले. रविवारची सकाळ, आठ-दहा जण आपापल्या चटईवर गुडघे टेकून घड्या घालत होते. मी एकोणीस वर्षं याच कोपऱ्यात बसते. माझी मान डावीकडे वळत नाही, म्हणून भिंत माझ्या डावीकडे लागते, नाहीतर त्या बाजूनं कोण आलं ते मला कळत नाही. चारशे अकराव्या उडीत माझं पॅराशूट असं फाडकन उघडलं की मानेचं एक हाड चेपलं. तेव्हापासून उडी बंद आणि हे काम सुरू.

पॅराशूट उघडलंच नाही तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. फार पटकन उघडलं तर काय होतं ते माझ्यासारख्यांना विचारा. ताशी दोनशे किलोमीटरनं खाली चाललेला माणूस एका क्षणात थांबतो, आणि त्याचं डोकं मात्र थांबायला तयार नसतं. म्हणून ज्यांची मान दुखते, खांदा निखळलाय, पाठीत खिळे आहेत, ते सगळे माझ्याकडे येतात. “मावशी, हळू उघडेल असं घाल गं,” म्हणतात. मी घालते. आजवर कुणाच्या मानेला धक्का लागला नव्हता.

शनिवारी गॅरेटच्या लागला. गॅरेट लिंडक्विस्ट आमचा कॅमेरावाला, डोक्यावर दीड किलोचा कॅमेरा बांधून उड्या मारतो. आता गळ्यात पांढरा पट्टा घालून दाराशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

“गॅरेट,” मी हाक मारली, “तुझं पॅराशूट आण. कालपासून कुणी हात लावलाय?”

“नाही. पण कशाला?”

“आण म्हटलं ना!”

त्यानं आणलं. मी कापड बाजूला सारलं आणि आतली पिशवी उलटी केली. घडी घातलेलं पॅराशूट या पिशवीत बसतं, आणि त्याच्या दोऱ्या वळसे घेऊन पिशवीवरच्या रबरबँडांत अडकवलेल्या असतात. एकेक वळसा सुटत, सगळी दोरी ताणली गेली की मगच कापड बाहेर यायचं. रबरबँड सैल असतील तर दोऱ्या भसाभस सुटतात, कापड वेळेआधीच बाहेर पडतं, आणि मग स्लायडर काय करणार बिचारा? स्लायडर म्हणजे दोऱ्या ओवलेला कापडाचा चौकोनी तुकडा. तो वरून सावकाश खाली सरकतो म्हणून तर पॅराशूट सावकाश फुलतं.

गॅरेटच्या पिशवीवरचे रबरबँड मोठे होते. मी एकात तीन बोटं घातली. सहज गेली.

“हे कधी घातलेस?”

“शुक्रवारी,” तो पट्ट्याच्या आतून पुटपुटला. “तू छोटे वापरतेस, आणि वर दोन-दोन वेढे देतेस. एका व्हिडिओत सांगितलं होतं की त्यानं दोरी पिशवीतच अडकून बसते. उघडलंच नाही तर?”

“म्हणजे उघडणार नाही या भीतीनं तू असं केलंस की ते तुझी मानच मोडेल! वा रे शहाण्या!”

कुणीतरी हसलं. ब्रँट हसला नाही. गाड्या विकलेला माणूस, कुठे टोचायचं ते बरोबर कळतं.

“एक मिनिट,” तो म्हणाला. “रबरबँड शुक्रवारी बदलले. घडी तुम्ही शनिवारी घातलीत. मग तुम्हाला दिसले नाहीत?”

खरं सांगते, त्या क्षणी खोटं बोलणं फार सोपं होतं. गर्दी होती, दिसलं नाही, वय झालं. सगळ्यांनी मान्य केलं असतं.

“दिसले होते,” मी म्हणाले.

शनिवारचं सगळं डोळ्यांपुढे आलं. शेवटचा वळसा अडकवताना बोटांना सैल लागला, तेव्हा मी म्हणाले होते, “हे बदलायला हवेत.” भोंग्यावर पाच मिनिटांची हाक झाली होती. “मावशी, विमान सुटतंय,” गॅरेट ओरडला. “पॅराशूट माझं, मर्जी माझी. बंद कर!” आणि मी बंद केलं. एकोणीस वर्षांत जे कुणाला करू दिलं नाही ते मीच केलं. रात्रभर मला त्याचाच राग येत होता, गॅरेटचा नाही, माझा.

“मग प्रश्नच मिटला,” ब्रँटने पेन पुढे केलं.

“मिटला कसा? कागदावर लिहिलंय, घडी चुकली. घडी चुकली नव्हती. माझ्या घडीनं मान मोडते असं मी लिहून देणार नाही. मेले तरी नाही.”

“सिद्ध करा.”

“करते. हेच पॅराशूट, हीच घडी, फक्त रबरबँड माझे. आणि उडीही मीच मारते.”

आता मात्र कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मला बजावलेलं सगळ्या शेडला माहीत होतं: आणखी एक झटका बसला तर डावा हात कायमचा जाईल. आणि हात गेला तर घडी कशानं घालू?

“परवानगी नाही,” ब्रँट म्हणाला.

“इथं कोण उडणार ते तू ठरवत नाहीस, बाळा,” कोपऱ्यातून हॉलिस बोलला. हॉलिस टेट आमचा मुख्य शिक्षक. सदुसष्ट वर्षांचा, उन्हानं भाजलेला, फार कमी बोलणारा. माझी पहिली उडी त्यानंच करवून घेतली होती. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, “ओफे, हात दाखवून अवलक्षण कशाला? सगळ्यांचा तुझ्यावर विश्वास आहे.”

“सगळ्यांचा असेल. माझा कालपासून नाहीये.”

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि उठला. दोन तास त्यानं मला छताला टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळत ठेवून परीक्षा घेतली. दोऱ्या गुंतल्या तर? हँडल सापडलं नाही तर? बिघडलेलं पॅराशूट कापून राखीव उघडायचं कधी? एकही उत्तर चुकलं नाही. “तंगड्या अजून तशाच वाकड्या आहेत,” एवढंच म्हणाला.

मग मी घडी घालायला बसले. घाई नाही. दोऱ्या मोजल्या. तोंडाकडचा भाग दोन्ही बाजूंनी मधोमध गुंडाळला, टोर्टियाची पोळी गुंडाळते तसा. स्लायडरच्या चारही कड्या वर टोकापर्यंत ढकलल्या आणि त्याची पुढची कडा थोडी बाहेर ओढून ठेवली, म्हणजे वारा आधी तिला भेटेल. शेपटाकडचं कापड भोवती लपेटलं आणि गुडघ्यांनी हवा काढली. मग कात्रीनं गॅरेटचे मोठे रबरबँड कापून फेकले, माझे छोटे बसवले आणि प्रत्येक वळशावर दोन वेढे दिले. वळसा ओढून बघितला. बोटाला सांगावं लागत नाही, बोटाला कळतं.

तेरा हजार फुटांवर विमानाचं दार उघडलं. हॉलिसनं माझा दंड धरला आणि आम्ही पडलो. एकोणीस वर्षांनी! वारा गालात शिरला आणि मी वेड्यासारखी हसत सुटले. साडेपाच हजारांवर हॉलिस हात सोडून लांब गेला. पाच हजारांवर मी हँडल ओढलं.

एक. दोऱ्या सुटताना पाठीवर टकटक जाणवली, एकेक वळसा. दोन. तीन. काहीच नाही. नुसती थोडी उभी झाले. चार. मान वर करून बघता येईना, म्हणून डोळेच वर केले. कापड डोक्यावर गुंडाळीसारखं फडफडत होतं, स्लायडर वर चिकटलेला. पाच. उघड बाई, उघड. सहा. मग खुर्चीत कुणी धरून बसवावं तशी मी पट्ट्यांत बसले. स्लायडर सरसर खाली आला. मानेला काही नाही. डावा हात हलवला, पाचही बोटं हलली. तिथे वर, ऐकायला कुणी नव्हतं, मी मोठ्यानं रडले.

खाली मात्र बोंबाबोंब झाली होती. इतका वेळ उघडेना म्हणून ब्रँट फोन काढून अँब्युलन्सला लावत होता म्हणे! मी ढुंगणावर उतरले, धुळीत दहा हात घसरत गेले. धावत आलेल्यांतल्या एकानं आधी विचारलं, “मान?” मी “ठीक” म्हणताच दुसरा ओरडला, “एकोणीस वर्षांनी पहिली! बिअर!” आमच्याकडे पहिलं काहीही झालं की ज्याचं झालं त्यानं सगळ्यांना बिअर पाजायची असते. चला, तेही आलं नशिबी.

शेडमध्ये आल्यावर मी ब्रँटचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: “घडी बरोबर होती. रबरबँड सैल होते. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. ती माझी चूक. पुन्हा गप्प बसणार नाही.” खाली सही, पूर्ण नाव, ओफेलिया ब्राकामोंते.

“हे मी विमावाल्यांना कसं देऊ?” ब्रँट म्हणाला.

“आहे तसं.”

तो पुढे आला, कागद घ्यायला वाकला, आणि वाकता वाकता त्याला चटईवरचे स्वतःचे बूट दिसले. एक पाऊल मागे गेला. मीच हात लांब करून कागद दिला. चटई उचलायचं पुन्हा निघालं नाही; मी माझ्या कोपऱ्यात बसले.

गॅरेट अजून दाराशीच होता. “मावशी,” म्हणाला, “मान बरी झाली की घडी पुन्हा तूच...”

“आधी बरी होऊ दे.”

तेवढ्यात भोंगा वाजला. पाच मिनिटं. मिनेसोटाहून हिवाळ्यापुरता आलेला डंकन धापा टाकत आला आणि त्यानं आपलं पॅराशूट चटईवर ठेवलं. “मावशी, घडी मीच घातलीय, तू फक्त बंद कर. मित्र विमानात बसलेत, माझी वाट बघतायत!”

मी पिशवीवरून बोट फिरवलं. तिसरा रबरबँड सैल होता, आणि पाचवाही.

“पहिल्यापासून घालावं लागेल,” मी म्हणाले.

“अगं, दोनच तर आहेत! पॅराशूट माझं आहे ना?”

“पॅराशूट तुझं. हात माझे.”

बाहेर विमानाचा आवाज वाढला, धावपट्टीच्या टोकापर्यंत गेला आणि वर चढला. डंकन कपाळाला हात लावून बघत राहिला. मी कात्री उचलली.