गाडी जमा करून घ्या

“ती बंदूक उद्याच्या उद्या ठाण्यात जमा करून टाका, बाबा,” असं म्हणून मुलाने भरलेला अर्ज माझ्या ताटाशेजारी ठेवला. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुलीही मारलेली होती. मुलगा विमा कंपनीत आहे. धोका मोजणं हा त्याचा धंदा. त्यामुळे घरात तो बोलायला लागला की आम्ही सगळे ग्राहक होऊन ऐकतो.

“घरात सात वर्षांची पोर आहे. बंदूक असलेल्या घरात अपघाताची शक्यता किती पटींनी वाढते, माहीत आहे?”

“किती?”

“पुष्कळ.”

“कपाटाला दोन कुलपं आहेत. गोळ्या वेगळ्या पेटीत आहेत. किल्ल्या माझ्या खिशात असतात.”

“आणि तुम्ही अंघोळीला जाता तेव्हा खिसा खुंटीवर असतो.”

हे खरं होतं. माझ्या मुलाचं हेच वाईट आहे, तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

बंदुकीवर माझं काही फार प्रेम आहे असं नाही. मी बँकेच्या दारात सत्तावीस वर्षं उभा होतो. तेव्हा बँक ज्याच्याकडे स्वतःची बंदूक त्यालाच पहारेकरी म्हणून घ्यायची, म्हणून मी ती घेतली. तिच्यावर घर चाललं, ह्या शहाण्याचं शिक्षण झालं. सत्तावीस वर्षांत तिच्यातून एक गोळी सुटली नाही. दारात बंदुकीवाला दिसला की लोक रांगेत नीट उभे राहायचे, एवढाच तिचा उपयोग. निवृत्त झाल्यावर तोही संपला. मी पेन्सिलच्या फुलीवर सही केली.

“झालं?” मी म्हणालो. “आता ह्याच मापाने गाडी मोज.”

“गाडीचं काय?”

“बंदूक मी वर्षातून एकदा तेल द्यायला बाहेर काढतो. गाडी दिवसातून चारदा काढतो. आणि मला दोन्ही बाजूंचं दिसत नाही. आता सांग, जास्त धोका कशाचा?”

“बाबा, गाडी लागते आपल्याला. बंदूक काय कामाची?”

“म्हणजे लागते म्हणून धोका कमी होतो?”

मुलाने पाण्याचा पेला उचलला. सून म्हणाली, “बाबा, माझी सकाळची पाळी असते. चिमणीला शाळेत तुम्ही नाही सोडलंत तर कोण सोडणार? आईंना व्यायामाला कोण नेणार?” ती मुद्दाम बोलली नाही. तिच्या डोळ्यांखाली पाळीचा थकवा कायमचाच असतो.

“रुसलेत ते,” आमची ही भाताला हात घालत म्हणाली. “बंदूक चालली ना घरातून, म्हणून आता गाडीवर राग. दोन दिवसांनी होतील सरळ.”

सगळे हसले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. घड्याला निदान हसता येत नाही.

मला काचबिंदू आहे. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडा हळूहळू खाल्ल्या जातात. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांपूर्वी माझं डोकं एका यंत्रात घातलं होतं. समोर मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला प्रकाश चमकला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून बसलो आणि शेवटी म्हणालो, “बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय.” यंत्र चालू होतं. त्यातून निघालेल्या कागदावर मधे एक पांढरा डाग होता आणि बाकी सगळं काळं.

“गाडी चालवता?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आजपासून बंद करा.”

मी तो कागद घरी दाखवला. मुलाने उलटासुलटा पाहिला. “पण समोरचं दिसतंय ना?” म्हणाला. आता समोरचं दिसतंय हे मी कसं नाकारू? मी पेपरातल्या बारीक जाहिराती चष्म्याशिवाय वाचतो. हिला सुईत दोरा ओवून देतो. त्याआधी महिनाभर गाडीच्या परवान्याचं नूतनीकरण झालं होतं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. “काका, तरुणांना लाजवाल,” असं म्हणून त्याने पाच वर्षांचा शिक्का मारला. कोणी बाजूला उभं राहून विचारलंच नाही, मी कुठे आहे म्हणून. आयुष्यभर नाकापुढे बघून चाललो, त्याचंच हे बक्षीस असावं. आता तेवढंच दिसतं.

तरी मी गाडी चालवत राहिलो, हा दोष माझाच. घरात आपली गरज आहे हे ऐकायला म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं. मान डावी-उजवी फिरवत चालवायचो. जमतंय असं वाटायला लागलं होतं, आणि मागच्या सोमवारी चिमणीला सोडून परत येताना डाव्या वळणावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. उतरून पाहिलं तर सायकल आडवी पडलेली, आणि एक बाई गटाराच्या कडेला कोपर धरून बसलेली. खरचटलं होतं. हाडाला काही नव्हतं. मी हात द्यायला गेलो तर तिने तो झटकला.

“दिसत नाही का हो?”

“नाही,” मी म्हणालो.

तिला वाटलं मी उद्धटपणा करतोय. तिने मला जे सुनावलं ते सगळं मी ऐकून घेतलं. मी खरं बोललो होतो, तेही शपथेवर सांगावं इतकं खरं. पण माझं खरं कोणालाच खरं वाटत नव्हतं. घरी मी हे सांगितलं नाही. लाज वाटली. आणि नंतर लाजेचीच चीड येत राहिली.

सकाळी मी बंदूक पिशवीत घातली आणि मुलाला म्हणालो, “चल, तू सोड मला ठाण्यात.”

“मला बैठक आहे, बाबा. गाडी घेऊन जा. बंदूक घेऊन बसमध्ये कसे चढाल? लोक घाबरतील.”

घरातला धोका घालवायचा, तर दुसऱ्या धोक्यात बसून जायचं. ह्याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फासावर न्यायला चोराचीच गाडी. मी सायकलच्या वेगाने गेलो. मागून हॉर्न वाजत होते. ठाण्याच्या आवारात गाडी थांबवली तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

हवालदार माणूस नेटका होता. त्याने बंदूक उघडली, नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, आत बोट घालून पाहिलं, मग दुसऱ्या हवालदाराला बोलावून त्यालाही पाहायला लावलं. क्रमांक परवान्याशी ताडून पाहिला. काडतुसं अकरा भरली, ती पुन्हा एकदा मोजून अकराच आहेत याची खात्री केली. परवाना, दोन फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या, दोन शिक्के. सव्वा तास गेला. मला कंटाळा आला नाही. उलट बरं वाटलं. धोक्याच्या वस्तूला माणसं कशी वागवतात ते तिथे दिसत होतं.

पावती खिशात घातल्यावर मी गाडीची किल्ली आणि चालकाचा परवाना टेबलावर ठेवला.

“हे काय, काका?”

“हेही जमा करून घ्या. गाडी बाहेर उभी आहे.”

“चोरीची आहे?”

“माझीच आहे.”

“मग कोणाला उडवलंत?”

“एका बाईचं कोपर खरचटलं. पुढच्या वेळी एवढ्यावर भागणार नाही. मला बाजूचं दिसत नाही.”

त्याने परवाना उचलून तारीख पाहिली. “ह्याला अजून पावणेपाच वर्षं आहेत की.”

“म्हणून तर आणलाय.”

“काका, बंदुकीचं रजिस्टर आहे. असं स्वखुशीने गाडी जमा करायचं रजिस्टर नाही आमच्याकडे.” मग तो दुसऱ्या हवालदाराकडे बघून हसला. “एखादा जोरदार अपघात करा, लगेच जप्त करतो.”

तो गमतीत म्हणाला, त्याचा काही दोष नाही. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. सत्तावीस वर्षं दारात उभं राहून मी कोणावर आवाज चढवला नव्हता. तो त्या टेबलापुढे चढला. “अपघात झाल्यावर मी कशाला येईन तुमच्याकडे? तुम्हीच याल माझ्याकडे,” मी म्हणालो. हवालदाराने खुर्ची पुढे सरकवली आणि घरून कोणाला बोलवायचं आहे का विचारलं.

मी मुलाला फोन केला. “गाडी ठाण्यात आहे. मी ती घरी आणणार नाही. चिमणीची शाळा सुटायला दीड तास आहे.” एवढंच बोलून ठेवून दिला.

तो पाऊण तासात आला, आत हवालदाराशी बोलला आणि बाहेर माझ्याकडे आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, कपाळावर आठ्या. “बाबा, हा काय तमाशा आहे? बैठक सोडून आलो मी. बंदुकीसाठी एवढं?”

“बंदूक गेली. तिच्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. तुझं बरोबर होतं.” मी गाडीत चालकाच्या जागेवर बसलो आणि काच खाली केली. “आता एक कर. डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी उभा राहा आणि हळूहळू पुढे ये. मी समोरच्या फलकाकडे बघतो. दिसलास की सांगेन.”

“बाबा, लोक बघतायत.”

“बघू देत. त्यांना दिसतंय ना.”

तो गेला. आवारात खडी होती. त्याची पावलं वाजत होती ती मला ऐकू येत होती. समोरच्या फलकावरची अक्षरं स्वच्छ होती, अगदी खालच्या ओळीतला फोन नंबरसुद्धा. पावलं थांबली.

“बाबा?”

“चालत राहा.”

“मी आरशापाशी आहे. हात हलवतोय तुमच्याकडे बघून.”

“चालत राहा म्हटलं ना.”

खडी पुन्हा वाजली, आता फार हळू. मग फलकाच्या कडेला निळ्या बाहीचा एक तुकडा आला.

“आता,” मी म्हणालो आणि मान वळवली.

तो गाडीच्या पुढे, दिव्यासमोर उभा होता. गाडी चालू असती तर चाकाखालीच असता. त्याने एक हात बोनेटवर टेकला होता.

“पुन्हा,” तो म्हणाला. आम्ही पुन्हा केलं. मग उजव्या बाजूने केलं. उजवीकडे तो थोडा आधी दिसला, पण फार नाही.

तो माझ्या दारापाशी आला. खाली वाकून कितीतरी वेळ बोनेटच्या उंचीकडे बघत राहिला.

“चिमणीचं डोकं तर ह्याच्या जेमतेम वर येतं, बाबा.”

“जेमतेम.”

“ती बाई... हवालदार म्हणत होते. ती कुठल्या बाजूने आली होती?”

“मला काय माहीत? मला दिसली नाही ती.”

त्याने दार उघडलं आणि हात पुढे केला. मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. किती पट, किती टक्के, काही बोलला नाही. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तीन महिने मी एवढंच तर मागत होतो. पण किल्ली हातातून गेली तरी मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. त्याने दंडाला धरलं तेव्हा उतरलो. बोनेटला हात लावत लावत पलीकडे गेलो आणि बसलो.

ही गाडी घेतल्यापासून मी त्या जागेवर कधी बसलो नव्हतो. पट्टा ओढायला हात सवयीने उजवीकडे गेला. तिथे नव्हता. मी सीटच्या फटीत चाचपत राहिलो. तो डाव्या खांद्यामागे लोंबत होता, आणि तिकडचं मला दिसत नाही.

मुलगा माझ्या अंगावरून वाकला. त्याने पट्टा ओढून आणला, खटका बसवला, आणि बसलाय की नाही ते एकदा हलकेच ओढून पाहिलं.

“घट्ट होतोय का?” त्याने विचारलं.

होत होता.

“नाही,” मी म्हणालो. “चल, शाळा सुटेल.”