सकाय ये

माझ्या जिभेला हाड नाही, असं ऑफिसात सगळे म्हणतात. खरंच आहे ते. आईलासुद्धा मी कधी सोडलं नाही. दोंडाईच्याहून जळगावला माझ्याकडे आली की शेजारणींसमोर 'डोया', 'काया' असं बोलायची, आणि मी तिथल्या तिथे टोकायची, "आई, डोळा म्हण! ळ म्हणायला काय होतं तुला?" बिचारी नुसती हसायची.

साखरेने तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. यंदा धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "डाव्याचाही भरवसा नाही. महिना, दोन महिने. काय दाखवायचं ते दाखवून घ्या."

मला वाटलं, आई दीक्षाभूमी म्हणेल. तर म्हणाली, जळगावचा फुलोत्सव. कुठल्याशा कॅलेंडरवर तिने ताटाएवढा डेलिया पाहिला होता, आणि एवढं मोठं फूल असतं, हे काही तिला पटत नव्हतं. "इतलं मोठं फूल ऱ्हास का कोठे?"

फुलोत्सव शुक्रवार ते रविवार. गुरुवारी संध्याकाळी मी फोन केला. आईचा जीव हरखला होता, मलाही भरून आलं. लाडात येऊन वीस वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या बोलीत बोलले. "आई, सकाय ये. शेजारचे पुनाभाऊ गाडीत बसवून देतील. स्टेशनवर बाकावर बस, मी येईपर्यंत हलू नकोस."

मला म्हणायचं होतं, सकाळच्या गाडीने. शनिवारी. माझी सुट्टी शनिवारची, हे तिला ठाऊकच आहे असं मी धरून चालले. पण आमच्याकडे सकाय म्हणजे उद्यासुद्धा. मेलं, हेच विसरले मी!

शुक्रवारी ऑफिसात ऑडिट होतं, फोन ड्रॉवरमध्ये. एक वाजता पाहिलं, आईचे दोन मिस्ड कॉल. जेवलीस का म्हणून विचारायला असतील, असं म्हणून फोन परत आत टाकला.

शनिवारी सकाळी मी स्टेशनवर उभी. गाडी आली, रिकामी झाली, आईचा पत्ता नाही. माझा पारा चढलेला. तेवढ्यात शेजारच्या पुनाभाऊंचा फोन.

"सविताताई, अक्का कालच जाऊन आल्या. दहापासून पाचपर्यंत बाकावर बसून होत्या. चहावाल्या बाईने परतीच्या गाडीत बसवलं. सविताला काम निघालं असेल, तिला सांगू नका म्हणाल्या. पण आज पहाटेपासून त्यांना काहीच दिसत नाही."

मी त्याच बाकावर बसले. समोर दुसरा प्लॅटफॉर्म, एक बंद नळ आणि भिंत. माझ्या आईने शेवटचा उजेड यावर घालवला, माझ्यामुळे.

दुपारी दोंडाईच्याला पोचले आणि तिला धुळ्याला नेलं. डोळ्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मी रडायला लागले तर आई मलाच म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना, सकाय ये." तक्रार नव्हती त्यात. आपलं काही चुकलं नाही ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"घरी जाऊ," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. रविवारी आम्ही एसटीने जळगावला आलो. शेवटची संध्याकाळ, फुलं माना टाकायला लागलेली, लोक फोटो काढण्यात दंग. तिचा हात धरून मी तिला डेलियापुढे उभं केलं.

"ताटाइतलं शे का?"

"शे, आई. ताटाइतलंच शे."

"रंग कोनता?"

मागे माझ्या ऑफिसातल्या बाया उभ्या होत्या. 'पिवळा' ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"पिवया," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "पिवया रंग, आई."

आई हसली. "हां," म्हणाली, "दिसनं."

दिसलं म्हणाली खरी, पण तिचं तोंड दुसरीकडे होतं, रसवंतीच्या गाडीकडे. तिला फुलाकडे वळवायला माझा हात उठला, आणि तसाच राहिला.